धान्य, काम की रोकड? वऱ्हाडातील दुष्काळी मदतीची सव्वाशे वर्षे

१/
२८ फेब्रुवारी २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने एक निर्णय काढला. राज्यातील १४ जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकरी कुटुंबांना स्वस्त धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये थेट बँक खात्यात मिळणार होते. या १४ जिल्ह्यांत अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ, म्हणजे जवळजवळ सारा वऱ्हाड होता. वरवर पाहता हा पुरवठा खात्याचा एक कोरडा कागद. पण त्यामागचा प्रश्न वऱ्हाडात सव्वाशे वर्षे विचारला जात आहे: अडचणीतल्या घराला सरकारने काय द्यावे? धान्य, काम की रोकड?

२/
या प्रश्नाचा इतिहास समजण्यासाठी आधी वऱ्हाड समजून घ्यावा लागतो. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगा यांच्या मधली पूर्णा नदीची काळी कसदार जमीन, हा वऱ्हाडचा गाभा. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण याच जमिनीवरून पडली. १८५३ मध्ये निजामाने आपल्या तैनाती फौजेच्या खर्चापोटी हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही विचित्र व्यवस्था होती. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला.

३/
१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद पडताच इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. अकोला, बडनेरा या मार्गाने रेल्वे आली आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली. खामगावचा फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, सावकार आणि अडते आले, जमिनीला भाव आला. अमरावती आणि अकोला ही कापसाची मोठी बाजारगावे बनली.

४/
या भरभराटीत एक बदल फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. ज्वारीच्या रानात कपाशी आली. पूर्वी घरच्या कणगीत वर्षाची ज्वारी असे. आता कापूस विकून ज्वारी विकत आणायची वेळ आली. कापूस खाता येत नाही. म्हणून ज्या वर्षी कापूस बुडे, त्या वर्षी शेतकऱ्याचे उत्पन्न आणि अन्न ही दोन्ही एकदमच जात. मजुराची स्थिती याहून बिकट होती, कारण वेचणी-निंदणीची मजुरी हीच त्याची कणगी. वऱ्हाडातील उपासमार ही प्रथमपासूनच पैशाच्या टंचाईशी बांधलेली आहे, ती अशी.

५/
भूगोलानेही एक अडचण घालून ठेवली आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून ‘खारपाणपट्टा’ जातो. इथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे असते. पिकाला चालत नाही, अनेक ठिकाणी पिण्यालाही चालत नाही. जमीन उत्तम, पण सारी भिस्त आभाळावर. ‘विहीर पाड आणि दुष्काळ हटव’ हा इतर भागांतला सोपा उपाय येथे लागू पडत नाही.

६/
आता सरकारकडे वळू. १८७६–७८ च्या दख्खनच्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्यावरून १८८३ च्या सुमारास ‘दुष्काळ संहिता’ तयार झाली. दुष्काळ केव्हा जाहीर करावा, कामे कोणती काढावीत, मजुरी किती द्यावी, हे सारे या संहितेत कलमवार लिहिलेले होते. आजच्या महाराष्ट्रातील टंचाई निवारणाच्या नियमांचे मूळ याच संहितेत सापडते.

७/
संहितेतील मदत तीन प्रकारची होती. पहिला प्रकार दुष्काळी कामांचा. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याने खडी फोडावी, तलाव खणावेत, रस्ते करावेत आणि मजुरी घ्यावी. दुसरा प्रकार ‘खैराती मदत’, म्हणजे म्हातारे, अपंग, आजारी आणि निराधार यांना कामाशिवाय मिळणारा आधार. तिसरा प्रकार तगाईचा. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनुसार जमीन सुधारण्यासाठी आणि बी-बियाणे, बैल घेण्यासाठी शेतकऱ्याला सरकारी कर्ज मिळे.

८/
या रचनेमागे एक शंका दडलेली होती. फुकट दिले तर लोक आळशी होतील, नको त्यांनाही मिळेल, अशी सरकारला धास्ती होती. म्हणून कष्टाचे काम हीच गरजेची ‘कसोटी’ ठरवली गेली. जो भर उन्हात खडी फोडायला येईल तोच खरा गरजू. खैराती मदतीसाठी मात्र गावोगावी याद्या करून माणसे निवडावी लागत. त्यामुळे ‘लाभार्थी कोण, हे ठरवणार कोण?’ हा वाद सरकारी मदतीइतकाच जुना आहे.

९/
मजुरी कशी ठरे, हे पाहण्यासारखे आहे, कारण या कथेचा कणा तिथेच आहे. मजुरी नाण्यांत मिळे, पण तिचे माप धान्याचे होते. पूर्ण काम करणाऱ्या माणसाला जगायला किती धान्य लागते, हे आधी ठरवायचे. मग त्या भागात सर्वसामान्यांच्या खाण्यातले स्वस्तात स्वस्त धान्य कोणत्या भावाने विकले जाते ते पाहायचे. आणि त्यावरून पैशाचा आकडा काढायचा. भाव चढला की मजुरीही चढे. माप कंजूष होते, शिक्षेसारखे होते; पण रोकड आणि भाकरी यांचे नाते त्यात धरून ठेवलेले होते.

१०/
या संहितेची वऱ्हाडातील खरी परीक्षा १८९९ मध्ये झाली. त्याआधी १८९६–९७ मध्ये भाव कडाडले होते. पण १८९९ चा पावसाळा इतका कोरडा गेला, की ज्वारी आणि कापूस दोन्ही हातचे गेले. विक्रम संवत १९५६ चा हा दुष्काळ राजस्थान-गुजरातेत ‘छप्पनिया’ म्हणून आजही ओळखला जातो. सोन्याच्या कुऱ्हाडीच्या या मुलुखात लोक हजारोंच्या संख्येने खडी फोडायला रांगेत उभे राहिले. चाऱ्याअभावी गुरे मेली, आणि उपासमारीच्या मागोमाग रोगराई आली.

११/
खानेसुमारीत त्याची खूण राहिली आहे. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७.५ लाखांवर आली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी जवळजवळ दीड लाखाची घट झाली. यातले सारेच भुकेने मेले असे नाही. कॉलरा, ताप आणि स्थलांतर यांचाही वाटा त्यात आहे. पण भारतातील एका श्रीमंत गणल्या गेलेल्या प्रांताची ही गत झाली, ही गोष्ट समकालीनांनाही धक्का देणारी होती.

१२/
इथे एक प्रश्न पडतो. वऱ्हाडातून रेल्वे जात होती. बाहेरचे धान्य आणता येत होते. मग माणसे का मेली? पुढे १९८१ मध्ये अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून जे मांडले, ते इथेही लागू पडते. बाजारात धान्य असणे ही एक गोष्ट, आणि ते मिळवण्याची ऐपत घरात असणे ही दुसरी. पीक गेले की शेतकऱ्याकडे विकायला काही उरत नाही, मजुराचे श्रम कोणी विकत घेत नाही. भूक तेव्हा ऐपतीच्या वाटेने येते. म्हणूनच ऐपत परत देणारी रोकड दुष्काळात जीव वाचवू शकते. मात्र ती वेळेवर आणि पुरेशी हवी.

१३/
१८९७ आणि १९०० मध्ये सरकारी मदतीच्या जोडीला देणगीतून उभारलेला धर्मादाय निधीही होता. त्याच्या उद्दिष्टांपैकी एक लक्षणीय आहे: सर्वस्व गमावलेल्या माणसाला पुन्हा पायावर उभे करणे. त्यातून शेतकऱ्यांना बैल आणि बियाणे घेण्यासाठी मदत मिळाली. ही रक्कम परत फेडायची नव्हती. १९०१ च्या मॅकडोनेल आयोगानेही सुचवले की संकटाच्या आरंभीच शेतसारा तहकूब करावा, तगाई द्यावी, म्हणजे लोकांना धीर येतो. खचून गेल्यावर दिलेल्या दुप्पट मदतीपेक्षा वेळेवर दिलेली थोडी मदत अधिक कामाची, हा धडा तेव्हाच लिहिला गेला होता.

१४/
दुष्काळ सरला तरी सावकार राहिला. १९२९ च्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि वऱ्हाडचा शेतकरी कर्जात आणखी खोल रुतला. त्या काळात अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारात मंत्री होते. १९३३ च्या कर्ज लवाद कायद्याशी त्यांचे नाव जोडले जाते. ऋणको आणि सावकार यांना समोरासमोर बसवून कर्जाची रक्कम तडजोडीने ठरवण्याची ही व्यवस्था होती. मदतीचे हे चौथे रूप: हातात काही न देता डोक्यावरचा बोजा कमी करणे. पुढच्या सर्व कर्जमाफ्या याच कल्पनेच्या वारसदार आहेत.

१५/
१९७२ चा दुष्काळ साऱ्या महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्याला त्याची झळ वऱ्हाडपेक्षा अधिक बसली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, तेही यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. सुकडी आणि लाल मिलो या शब्दांनी तो काळ आजही आजी-आजोबांच्या बोलण्यात येतो. इतके मोठे संकट येऊनही १८९९ सारखा मृत्यूचा डोंगर उभा राहिला नाही, याचे मोठे श्रेय अभ्यासक या कामांच्या रोख मजुरीला देतात.

१६/
याच अनुभवातून रोजगार हमी योजना आकाराला आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिचा खर्च भागवण्यासाठी शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. इंग्रजांच्या संहितेत काम ही गरिबाची कसोटी होती. या कायद्यात काम मागणे हा गरिबाचा हक्क झाला. हातातले फावडे तेच राहिले, पण ते धरणाऱ्याचे सरकारशी असलेले नाते बदलले. २००५ चा राष्ट्रीय कायदा याच वाटेने पुढे गेला.

१७/
पण जे काम करू शकत नाहीत त्यांचे काय? १९८० मध्ये, अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, अपंग, निराधार यांना दरमहा ठरावीक रोकड मिळू लागली. जुन्या ‘खैराती मदती’चे हे नवे रूप होते, फक्त ते दुष्काळापुरते मर्यादित राहिले नाही. तहसील कचेरीपुढे उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या बाया आणि त्यांच्या हातातली ‘निराधार’ची कागदपत्रे हे दृश्य तेव्हापासून गावोगाव ओळखीचे झाले.

१८/
त्याच दशकात मदतीच्या कल्पनेवरच एक मोठा आक्षेप उभा राहिला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेला कापसाच्या प्रश्नावर विदर्भात प्रचंड प्रतिसाद मिळाला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही तिची घोषणा. युक्तिवाद सरळ होता: सरकार आधी धोरणाने शेतमालाचे भाव पाडते आणि मग अनुदानाचे तुकडे टाकते, भाव दिला तर मदतीची गरजच उरणार नाही. उलट बाजूने विचारले जाई, की भाव वाढला तर ज्याच्याकडे विकायला कापूसच नाही त्या मजुराच्या हाती काय पडेल? हा वाद आजही मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

१९/
२००० नंतर वऱ्हाडचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर गेले. डिसेंबर २००५ मध्ये राज्याने १,०७५ कोटींचे पॅकेज जाहीर केले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाला भेट देऊन अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातले सुमारे २,१७७ कोटी सिंचन प्रकल्पांसाठी होते आणि ७१२ कोटी थकीत व्याजाच्या माफीसाठी. घराच्या हाती थेट पडणारी रोकड त्यात जवळपास नव्हतीच. दुभती जनावरे वाटली गेली. पण ज्या घरात माणसांचीच आबाळ, तिथे चारा कुठून आणायचा, अशी टीका झाली.

२०/
थेट रोकड मिळे ती मृत्यूनंतर. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला एक लाख रुपये: त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने प्रकरण ‘पात्र’ ठरवावे लागे. नापिकी, कर्ज, कर्ज फेडता न येणे, वसुलीचा तगादा, हे कागदोपत्री सिद्ध करावे लागे. खासगीत, चिठ्ठीविना घेतलेले कर्ज कसे दाखवायचे? मक्त्याने जमीन कसणाऱ्याने सातबारा कुठून आणायचा? ‘अपात्र’ हा शिक्का बसलेल्या घरातील दुःख तेवढेच होते; सरकारी नोंदीत मात्र ते वेगळ्या रकान्यात जाऊन पडले. ती एक लाखाची रक्कमही पुढे कित्येक वर्षे तेवढीच राहिली.

२१/
२००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत वऱ्हाडच्या कोरडवाहू शेतीचे गणित पुन्हा चुकले. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांचे थकीत कर्ज पूर्ण माफ झाले. त्याहून अधिक जमीन असलेल्यांना उरलेली रक्कम भरल्यास २५ टक्के किंवा, कोरडवाहू जिल्ह्यांत, २० हजार रुपये यांपैकी जास्त असेल तेवढी सवलत मिळाली. बागायती भागात पाच एकर म्हणजे बऱ्यापैकी शेती. खारपाणपट्ट्यात सात-आठ एकर असूनही एका हुकलेल्या पावसाने घर बसते. एकाच फुटपट्टीने दोन वेगळ्या जमिनी मोजल्या गेल्या.

२२/
जुलै २०१५ मध्ये राज्याने निराळी वाट धरली. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना अन्नसुरक्षा कायद्याच्या दराने माणशी पाच किलो धान्य, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने, देण्याचा निर्णय झाला. हे शेतकरी कागदावर दारिद्र्यरेषेच्या वर होते. पीक बुडालेल्या वर्षी ती रेषा किती फसवी ठरते, याची ही अप्रत्यक्ष कबुली होती. पुढची सात वर्षे भाव काहीही असो, पाच किलो म्हणजे पाच किलोच मिळत राहिले.

२३/
२०२२ मध्ये दूरच्या युद्धाने पुन्हा वऱ्हाड गाठला. युक्रेनमुळे जगभर गव्हाचे भाव चढले, इकडे मार्चच्या उष्णतेने देशातील गहू होरपळला, आणि मे महिन्यात केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. अन्नसुरक्षा कायद्याबाहेरील अशा योजनांसाठी केंद्राकडून मिळणारा गहू आणि पाठोपाठ तांदूळही बंद झाला. धान्यच नाही, म्हणून १५० रुपये आले. रोकड चांगली की धान्य, असा विचार करून हा बदल झालेला नव्हता. कोठार बंद झाले म्हणून पाकीट उघडले गेले.

२४/
आता नवव्या भागातील हिशेब आठवावा. पाच किलोसाठी १५० म्हणजे किलोमागे ३० रुपये. शेतकरी पूर्वी स्वतः देत असे ते दोन-तीन रुपये धरले तर ३२-३३. या भावात धान्य मिळाले तर घराचे भागले. न मिळाल्यास फरक घराच्या खिशातून. २०२४ मध्ये ही रक्कम १७० झाली. कर्नाटकानेही २०२३ मध्ये तांदूळ न मिळाल्याने पाच किलोपोटी १७० रुपये दिले होते. तिथे ३४ रुपये किलो हा दर उघडपणे धरलेला होता. पण बाजारभावाबरोबर आपोआप बदलणारे माप यात कुठे नाही. परक्या, कंजूष सरकारच्या संहितेत ते होते. लोकांच्या सरकारच्या निर्णयात ते राहून गेले.

२५/
तरी रोकडीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पैसे घरातील कर्त्या बाईच्या खात्यात जमा व्हावेत, ही तरतूद अन्नसुरक्षा कायद्याच्या विचाराशी सुसंगत आहे. त्या कायद्याने घरातील ज्येष्ठ स्त्रीलाच शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख मानले आहे. १५० रुपयांच्या दराने पाच माणसांच्या घराला महिन्याला ७५०, वर्षाला ९,००० रुपये होत. ज्वारी खाणाऱ्या घराने गहूच का घ्यावा, हा प्रश्न त्यात उरत नाही. वजनात मारल्या जाणाऱ्या किलोचीही भीती नाही. मात्र दुकान गावात होते, बँक अनेकदा तालुक्याला असते. आणि आधार न जुळलेले खाते हा नव्या काळातील ‘अपात्र’चा शिक्का ठरू शकतो.

२६/
या सव्वाशे वर्षांत एक माणूस मात्र वारंवार निसटलेला दिसतो: भूमिहीन मजूर. २०१५ चे धान्य आणि २०२३ ची रोकड सातबारा असलेल्यासाठी. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार आणि २०२३ पासूनची राज्याची तेवढीच भरही जमीनधारकासाठी. कर्जमाफी बँकेचे कर्ज मिळालेल्यासाठी. दुसऱ्याच्या रानात कापूस वेचणारी बाई या साऱ्या याद्यांबाहेर राहते. तिच्या वाट्याला रोजगार हमीचे काम किंवा सर्वसाधारण योजना येतात. १८९९ मध्ये पहिला फटका बसला तो तिच्याच पूर्वजांना.

२७/
हा इतिहास वाचताना ‘रोख मदत बरी की वाईट’ एवढेच विचारून भागत नाही. कोणतीही योजना समोर आली की चार प्रश्न विचारावेत. रक्कम भाकरीच्या भावाशी बांधलेली आहे का? ती पेरणीच्या आधी पोहोचते की घर मोडल्यावर? यादी कोण करते आणि तिच्याबाहेर कोण राहते? आणि ती मागता येणारा हक्क आहे, की काढून घेता येणारी कृपा? दुष्काळ संहिता पहिल्या प्रश्नाला उत्तर देई, शेवटच्याला नाही. रोजगार हमीने शेवटच्याला उत्तर दिले. चारही प्रश्नांना एकत्र उत्तर देणारी योजना वऱ्हाडच्या वाट्याला अजून यायची आहे.